गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की सुरू होते: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालते, मग दोन-तीन झटके देऊन बंद पडते. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते आणि पुढच्या वीस मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार. कार्बोरेटर आणि सीबी पॉइंटवर (कॉईलचा करंट सतत जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टवर) चालणाऱ्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये ही तक्रार सतत फिरत असते, आणि हिच्यापायी कितीतरी चांगले पार्ट विनाकारण काढून टाकले जातात.

याचं मूळ सल्ला देण्याच्या पद्धतीत आहे. प्रश्न वाचून एक जण सांगतो कॉईल (ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी) बदला, दुसरा कंडेन्सरचं (पॉइंटवर ठिणगी उडू न देणाऱ्या छोट्या डब्याचं) नाव घेतो, तिसऱ्याला खात्री असते की व्हेपर लॉकच (पेट्रोलची पाइपातच वाफ होणं) आहे, चौथा फ्युएल पंपावर बोट ठेवतो. चौघंही मनापासून सांगतात, कारण त्यांच्या त्यांच्या गाडीत खरोखर तेच निघालेलं असतं. पण कॉईलची आतली तार, कंडेन्सर, प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, त्यात फिरणारा रोटर आणि त्यातली लवचीक वायर, इग्निशन स्विच, टाकीचं झाकण, टाकीतला गंज, आतून सोललेली रबरी नळी, उकळणारं पेट्रोल, घट्ट झालेले टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे), या सगळ्यांचं लक्षण बाहेरून एकच दिसतं. नुसतं लक्षण ऐकून पार्टचं नाव सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

यातला बिघाड सापडतो तो गाडी बंद पडलेली असताना, त्या अर्ध्या तासाच्या आतच. गाडी पुन्हा सुरू झाली की पुरावा गेला. नंतर घरी थंड इंजिनावर घेतलेलं प्रत्येक माप 'सगळं ठीक आहे' असंच सांगणार. म्हणून सल्ला मागणाऱ्याने आधी एवढंच ठरवायचं, की पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, स्पार्क टेस्टर किंवा चांगला जुना प्लग, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली मीटरभर वायर, एक जादा कंडेन्सर, प्लग पाना, झाकणाची रिकामी धातूची बाटली आणि आग विझवायचा सिलिंडर गाडीत असला पाहिजे. आणि सल्ला देणाऱ्याने पहिलं उत्तर म्हणून पार्ट न सांगता चाचणी सांगायची.

पहिला फाटा: करंट की पेट्रोल?

गाडी बंद पडल्या पडल्या डिस्ट्रिब्युटर कॅपच्या मधोमध येणारी जाड एचटी (हाय टेन्शन) वायर काढा, तिला स्पार्क टेस्टर किंवा प्लग जोडा, प्लगचा धातू इंजिनच्या ब्लॉकला नीट टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टेस्टरच्या सुमारे 6 मिलीमीटरच्या (प्लग असेल तर त्याच्या नेहमीच्या) फटीतून निळी, जाड, चटचट वाजणारी ठिणगी आली पाहिजे. बारीक पिवळी-केशरी ठिणगी म्हणजे करंट कमी. काहीच नाही म्हणजे दोष इलेक्ट्रिकमध्ये, आणि कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही. एचटी वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कॉईलमधला हजारो व्होल्टचा दाब आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतो, आणि चांगली कॉईल चाचणीतच मरते. ही तपासणी पेट्रोलचा कुठलाही पाइप सोडण्याआधी करायची, नंतर कधीही नाही.

ठिणगी चांगली असेल तर एक प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला आणि पेट्रोलचा वास मारणारा असेल तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झालंय, किंवा मधल्या वायरपर्यंत आलेली ठिणगी पुढे प्लगपर्यंत पोहोचत नाही. एवढ्या दोन गोष्टी लिहून सल्ला मागितला तरी अर्धे अंदाज आपोआप गळून पडतात.

करंट नसेल तर

पुढचे आकडे 12 व्होल्टच्या गाडीचे आहेत, 6 व्होल्टच्या गाडीत व्होल्टेज निम्मं धरा. जुन्या पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेल्या) गाड्यांत कॉईलच्या प्लस-मायनसवरून गोंधळ होतो, म्हणून इथे 'स्विचकडचं टर्मिनल' आणि 'डिस्ट्रिब्युटरकडचं टर्मिनल' असंच म्हटलं आहे. दुसऱ्याला सल्ला देतानाही असंच लिहिलेलं बरं, कारण समोरच्याची गाडी कुठल्या अर्थची आहे हे तुम्हाला दिसत नसतं.

इग्निशन चालू करा. मीटरची एक पिन चांगल्या अर्थला, दुसरी कॉईलच्या स्विचकडच्या टर्मिनलला. पॉइंट मिटलेले असताना साध्या कॉईलला बॅटरीइतकं व्होल्टेज हवं, फार तर अर्धा व्होल्ट कमी. बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलला जाणारा करंट कमी करणारा रोध) असलेल्या गाडीत तिथे साधारण 6 ते 9 व्होल्ट दिसतात, तो बिघाड नाही. शून्य किंवा दोन-तीनच व्होल्ट दिसले तर कॉईलला दोष देऊ नका, करंट तिथपर्यंत येतच नाहीये. इग्निशन स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट, फ्यूज बॉक्सची सैल पिन किंवा बॅलास्ट रेझिस्टरची तुटलेली तार गरम झाली की असं करते. खात्रीसाठी बॅटरीच्या जिवंत टोकापासून, म्हणजे जे टोक अर्थ केलेलं नाही तिथून, क्लिपची वायर थेट या टर्मिनलला लावून सेल्फ मारा. गाडी सुरू झाली तर दोष कॉईलच्या अलीकडे आहे. बॅलास्टची गाडी अशा थेट जोडणीवर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. आणि ही वायर लावलेली असताना किल्ली फिरवून इंजिन बंद होणार नाही, क्लिपच काढावी लागेल.

व्होल्टेज येत असेल तर कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावा, दुसरं टोक अर्थला, आणि सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करताहेत. दिवा एकसारखा जळत राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांना अर्थ मिळत नाही. इथे डिस्ट्रिब्युटरच्या आतली बेसप्लेटची छोटी अर्थ वायर आणि पॉइंटकडे जाणारी कापडी वेष्टणाची लवचीक वायर बघायची. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणाऱ्या योजनेमुळे) प्लेट सतत मागेपुढे होते, वायर वेष्टणाच्या आत तुटते आणि बाहेरून धडधाकट दिसते. चिमट्याने हलकेच ओढून बघितलं की वेष्टण रबरासारखं ताणलं जातं, आत तार नसतेच. ती बदलताना साधी कडक वायर घालू नका, ती काही दिवसांत पुन्हा तुटेल. बारीक तारांची, खास लवचीक वायरच हवी.

दिवा अजिबात लागला नाही तर शक्यता दोन: कॉईलची प्रायमरी (बॅटरीचा करंट वाहणारी आतली तार) तुटली आहे, किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आत काहीतरी कायमचं अर्थ झालंय. निर्णय एका हालचालीत होतो. कॉईलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक वायर काढा, इग्निशन चालू ठेवा आणि त्याच मोकळ्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. बॅटरीइतकं आलं तर कॉईल अखंड आहे आणि शॉर्ट डिस्ट्रिब्युटरमध्ये आहे: कंडेन्सर, आत घासलेली वायर किंवा पॉइंटच्या स्प्रिंगखाली चुकीच्या क्रमाने बसवलेला इन्सुलेटर वॉशर. मोकळं करूनही शून्यच राहिलं तर कॉईल आतून तुटली आहे. कॉईल थंड झाल्यावर तार पुन्हा जुळते, म्हणून घरी ओहममीटर तिला निर्दोष ठरवतो.

आता सगळ्यात फसवा प्रकार. दिवा लुकलुकतो आहे, पण ठिणगी पिवळी आणि बारीक. संशय कंडेन्सरवर किंवा कॉईलच्या सेकंडरीवर (ठिणगीचा दाब तयार करणाऱ्या तारेवर). कंडेन्सर आतून तुटला असेल तर पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये मोठी पांढरी-निळी ठिणगी उडते आणि एकावर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा तयार होतो. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर उघडायचीही गरज नाही. जादा कंडेन्सरची वायर कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावा आणि त्याचा डबा क्लिपच्या वायरीने अर्थ करा. ठिणगी लगेच जाड झाली तर गुन्हेगार सापडला. तो बाहेरचा कंडेन्सर ब्रॅकेटला स्क्रूने घट्ट आवळून घरापर्यंत खुशाल चालवा. शॉर्ट झालेल्या कंडेन्सरला मात्र हा उपाय चालत नाही, तो आधी सुटा करावा लागतो. बहुतेक गाड्यांत कंडेन्सर 0.18 ते 0.25 मायक्रोफॅरडच्या आसपास असतो. पण थंड कंडेन्सरचं माप बरोबर आलं एवढ्यावर त्याला सोडून देऊ नका, गरम झाल्यावर गळणारे कंडेन्सर थंडीत अचूक आकडा दाखवतात.

कॉईलच्या मापांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे चांगल्या कॉईलला हकनाक शिक्षा होते. बॅलास्ट नसलेल्या 12 व्होल्टच्या कॉईलची प्रायमरी साधारण 3 ते 3.5 ओहम असते, बॅलास्टबरोबर चालणारीची दीड ओहमच्या आसपास. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो. म्हणजे 20 अंशांना 3 ओहम दाखवणारी कॉईल 90 अंशांना 3.8 ओहम दाखवणारच, तो दोष नव्हे. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारे 0.2-0.3 ओहम वजा केले नाहीत तर आकडा आणखी फुगतो. कोणी 'गरम कॉईल 4 ओहम दाखवते, बदलू का' असं विचारलं तर आधी हे दोन प्रश्न विचारा.

याउलट खरा दोष बरेचदा कॉईलमध्ये नसून निवडीत असतो. बॅलास्ट रेझिस्टर काढून टाकलेल्या किंवा मुळातच नसलेल्या गाडीला कोणीतरी दीड ओहमची कॉईल लावलेली असते. 12 व्होल्टला 3 ओहममधून 4 अँपिअर जातात, दीड ओहममधून 8. अशी कॉईल हात लावता येणार नाही इतकी तापते, पॉइंट जळतात, आणि वीस मिनिटांनी गाडी बंद पडते. नवीन कॉईल आणली, तीही तशीच वागली, की 'हल्लीचे पार्टच वाईट' असा निष्कर्ष निघतो. कॉईलवर 'बॅलास्टसह वापरा' असं छापलेलं आहे का ते बघा, आणि वायरिंगमध्ये रेझिस्टर वायर लपलेली आहे का तेही. काही गाड्यांत बॅलास्ट वेगळ्या पार्टच्या रूपात नसतो, हार्नेसमध्येच तेवढ्या रोधाची वायर असते.

मधल्या वायरला ठिणगी चांगली आणि प्लगला नाही, असं असेल तर रोटर आणि कॅप. कॅप उघडा, रोटर जागेवर ठेवा, मधल्या एचटी वायरचं टोक इन्सुलेटेड पकडीने रोटरच्या पितळी पट्टीपासून 5 मिलीमीटर वर धरा आणि सेल्फ मारा. पट्टी कशालाच जोडलेली नाही, तेव्हा चांगल्या रोटरवर ठिणगी पडता कामा नये. नियमितपणे पडत असेल तर करंट रोटरच्या प्लास्टिकमधून खालच्या शाफ्टला जातो आहे. पट्टी रिव्हेटने बसवलेल्या काही नव्या रोटरमध्ये रिव्हेटचं टोक आणि शाफ्टची स्प्रिंग यांच्यातलं प्लास्टिक फार पातळ असतं, आणि ते गरम झालं की आधी तिथेच फुटतं. उघड्या डोळ्यांना भेग दिसत नाही.

पॉइंटची फट लुकासच्या बऱ्याच चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरला 0.35 ते 0.40 मिलीमीटर, फोक्सवॅगन बीटलमधल्या बॉशच्या डिस्ट्रिब्युटरला 0.40. अंतिम शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं आणि गाडी जास्त तापते. कॅमवर ग्रीसचा जेमतेम एक ठिपका हवा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि नवीनच दुखणं सुरू होतं.

पॉइंट काढून आत इलेक्ट्रॉनिक पिकअप बसवलेल्या गाड्यांची तक्रार अगदी अशीच असते. त्या मॉड्यूलला अनेकदा पूर्ण बॅटरी व्होल्टेज लागतं, आणि जोडणी मात्र बॅलास्टच्या पुढे केलेली सापडते. इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवणं त्यांना सोसत नाही. काढलेली पॉइंट प्लेट आणि कंडेन्सर फेकू नका, डिकीत ठेवा. परत बसवून गाडी चालली तर चाचणीही झाली आणि घरीही पोहोचलात.

ठिणगी चांगली, प्लग कोरडा

सोलेक्स, वेबर, झेनिथ अशा अ‍ॅक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच जादा पेट्रोल उडवणारा) असलेल्या कार्बोरेटरमध्ये एअर फिल्टर काढून, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हाताने झटक्यात उघडा. पेट्रोलची सरळ पिचकारी दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. एसयू कार्बोरेटरला हा पंपच नसतो, त्यामुळे तिथे पिचकारी दिसली नाही म्हणून काहीही सिद्ध होत नाही. एसयूवाल्याला 'पिचकारी बघा' असा सल्ला सर्रास दिला जातो आणि बिचारा कार्बोरेटर खोलून बसतो.

नंतर पेट्रोल किती येतं ते. कॉईलच्या स्विचकडची वायर काढून तिचं टोक टेपने झाका, म्हणजे ठिणगी उडणार नाही. कार्बोरेटरला येणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि पंधरा सेकंद सेल्फ मारा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गरम असतो, एक थेंबही त्यावर पडता कामा नये. बाटली धरणारा आणि आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा राहणारा वेगवेगळे हवेत. ठसठशीत धारेचे ठोके आले तर पंपापर्यंत सगळं ठीक, आणि नजर फ्लोटच्या नीडल व्हॉल्व्हकडे (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपेकडे) वळवा. फेस आणि बुडबुडे आले तर पंपाच्या टाकीकडच्या बाजूला हवा शिरते आहे किंवा पेट्रोलची वाफ होते आहे. काहीच आलं नाही तर दुसरं काही करण्याआधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत शिरल्याचा 'सूं' असा आवाज येतो का ते ऐका आणि बाटलीची चाचणी पुन्हा करा. आता धार आली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे किंवा कोणीतरी छिद्र नसलेलं झाकण बसवलं आहे. पेट्रोल संपत जातं तशी टाकीत पोकळी वाढते आणि शेवटी पंप हरतो. यात उष्णतेचा काही संबंध नाही, फक्त वेळ जुळून येते.

तशीच वेळ टाकीतल्या गंजामुळेही जुळते, आणि लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. टाकीच्या तळाशी गंजाचे पापुद्रे आणि जुन्या पेट्रोलचा गाळ असतो. पंप ओढत राहतो तसा तो हळूहळू पिकअपच्या जाळीभोवती जमतो आणि वीसेक मिनिटांत तोंड बंद करतो. इंजिन थांबलं की ओढ संपते, गाळ जाळीवरून सुटून खाली बसतो आणि दहा मिनिटांत वाट मोकळी होते. माणसाला वाटतं गाडी थंड झाली म्हणून चालली. ओळखायची युक्ती अशी: झाकण उघडं ठेवा, पंपाकडे येणारा टाकीचा पाइप पंपापासून सोडा आणि सायकलच्या पंपाने टाकीच्या दिशेने हलकेच हवा मारा. टाकीत बुडबुडे ऐकू यायला हवेत. त्यानंतर गाडी लगेच, गरम असतानाच सुरू झाली आणि पुन्हा पुरती वीस मिनिटं चालली, तर टाकी खाली उतरवायची तयारी करा. पाइपमध्ये बारीक फिल्टर घालणं हा यावरचा उपाय नाही, जाळीऐवजी फिल्टर बुजेल एवढाच फरक. आणि पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर एक्झॉस्टजवळ लोंबकळत ठेवू नका. पेट्रोल तिथे गरम होतं, आणि नळी निसटली तर आग लागते.

रबरी नळ्यांबद्दल: इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आतून फुगवतं आणि सोलतं. आतली सुटलेली चकती ओढीमुळे झडपेसारखी मिटते, ओढ थांबली की उघडते. बाहेरून नळी नवीन दिसते. नळी दोन बोटांत दाबून बघा, आतून चरचरली किंवा दबलेलीच राहिली तर बदला. बदलताना इथेनॉल सोसणारी, एसएई जे30 आर9 दर्जाची नळी घ्या. पंपाचा डायफ्रॅम फाटला असेल तर डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो आणि ऑइलची पातळी चढलेली दिसते. तसं असेल तर इंजिन अजिबात चालवू नका.

खरंखुरं उकळणारं पेट्रोल

व्हेपर लॉक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं ते प्रत्यक्षात दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. पहिल्यात पाइपात किंवा पंपात वाफ होते, पंप द्रवाऐवजी वाफ ओढतो आणि इंजिन चालता चालता उपाशी मरतं, विशेषतः चढावर किंवा रांगेत हळू चालताना. प्लग कोरडे. पंप आणि त्याच्या पाइपवर ओलं फडकं गुंडाळून दोन मिनिटांत गाडी सुरू झाली तर निदान पक्कं. डिस्ट्रिब्युटर आणि कॉईलवर पाणी जाऊ देऊ नका, आणि तापलेल्या बीडाच्या मॅनिफोल्डवर तर मुळीच ओतू नका. दुसऱ्या प्रकारात गाडी चालताना काहीच होत नाही. गरम गाडी बंद करून पाच-दहा मिनिटं उभी केली की मॅनिफोल्डची उष्णता वर चढते, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात उतू जातं, आणि पुन्हा सुरू करताना प्लग ओले. इथे चोक नाही, अ‍ॅक्सिलरेटर पंप मारणं नाही. पेडल तळापर्यंत दाबून धरा आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारा. पहिल्या प्रकाराचा इलाज इलेक्ट्रिक पंपाने होऊ शकतो, दुसरा मात्र दाब वाढल्यामुळे आणखी बिघडतो.

पाच-दहा टक्के इथेनॉल मिसळलं की पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो, म्हणून पूर्वी कधी त्रास न देणारी गाडीही आता देते. थंड देशांत हिवाळ्यासाठी मुद्दाम जास्त उडणारं पेट्रोल विकतात. तेच टाकीत असताना अचानक ऊन तापलं तर तक्रारी एकदम वाढतात. टिकाऊ उपाय साधे आहेत: पाइप एक्झॉस्टपासून निदान 25 मिलीमीटर लांब न्या, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये बेकेलाइटचा जाड स्पेसर आणि खाली पत्र्याचा हीट शील्ड मूळ जागी आहे का बघा. इंजिनचं काम झाल्यावर हे दोन्ही परत न बसवलेल्या गाड्या अनेक आहेत. स्पेसर नव्याने जाड घालणार असाल तर स्टडची लांबी, थ्रॉटलची जोडणी आणि बॉनेटखालची जागा आधी मोजा. पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा जुना तोडगा अजून सांगितला जातो, पण लाकूड उष्णता शोषून बाहेर टाकत नाही, आणि त्यात घालवलेला वेळ टायमिंग तपासण्यात घातला तर जास्त उपयोग होतो. मागे पडलेलं टायमिंग किंवा कमी पेट्रोलचं मिश्रण यामुळे बॉनेटखालचं तापमान मुळातच वाढतं.

इलेक्ट्रिक पंप बसवायचाच असेल तर टाकीजवळ, म्हणजे तो ओढण्याऐवजी ढकलेल. एसयूसारख्या कार्बोरेटरला अडीच-तीन पीएसआयच्या वर दाब नको, नाहीतर नीडल व्हॉल्व्ह उचलला जाऊन पेट्रोल उतू जातं. आणि अपघातात पंप आपोआप बंद करणारा इनर्शिया स्विच हवाच, त्याशिवाय हा सल्ला कोणालाही देऊ नये.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही आहेत आणि तरी सुरू होत नाही

मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. थंडीत ठीक आणि गरमीत एक-दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलेलं दिसलं तर एक्झॉस्टचे टॅपेट घट्ट आहेत, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. आणि एक उलटा प्रकार: हवा थंड आणि दमट असेल, गाडी काही किलोमीटरवर दम सोडून बंद पडत असेल आणि दोन-तीन मिनिटांतच सुरू होत असेल, तर कार्बोरेटरमध्ये बर्फ जमतोय. एअर फिल्टरची नळी हिवाळ्याच्या बाजूला वळवा, बीटलमध्ये मॅनिफोल्ड गरम ठेवणारी बारीक नळी काजळीने बुजली आहे का बघा. म्हणूनच तक्रार लिहिताना बाहेरची हवा कशी होती हे लिहायचं असतं.

तक्रार कशी मांडायची, सल्ला कसा द्यायचा

गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन लिहाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ काय बदललेलं आहे: कॉईल कोणती, बॅलास्ट आहे का, पॉइंट की इलेक्ट्रॉनिक, कार्बोरेटर कोणता, अर्थ कुठला. बंद पडताना झटके देऊन पडली की दिवा विझावा तशी एकदम, हेही लिहा. एकदम गेली तर बहुधा इलेक्ट्रिक. चाचपडत, ओढ कमी होत गेली तर बहुधा पेट्रोल. 'बहुधा' एवढंच, त्यावरून पार्ट मागवायचा नाही. किती वेळाने बंद पडली, किती वेळाने सुरू झाली, टाकीत पेट्रोल किती होतं. आणि आतापर्यंत काय काय बदललं ते तारखेच्या क्रमाने. नवीन पार्ट टाकल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल तर तो नवीन पार्टच पहिला संशयित. नवीन आहे म्हणून तो चांगला आहे, असं गृहीत धरून कित्येक शोध भलतीकडे गेले आहेत.

सल्ला देणाऱ्याने एका वेळी एकच चाचणी सांगावी आणि तिचे दोन्ही निकाल सांगावेत: असं दिसलं तर हे, तसं दिसलं तर ते. सात जणांनी सात पार्ट सांगितले आणि समोरच्याने ते एकाच रविवारी बदलले, तर गाडी चालली तरी कशामुळे चालली ते कोणालाच कळत नाही आणि काढलेले सातही पार्ट संशयित होऊन डब्यात पडतात. ब्रेक, पेट्रोल गळती आणि स्टिअरिंग यांच्या बाबतीत फोटो बघून 'चालेल' असं कधीही लिहू नका, ते प्रत्यक्ष हाताने तपासणाऱ्याचं काम आहे. कोणी चुकीचं सांगितलं असेल तर त्याच्यावर न जाता चाचणीवर बोला. 'कंडेन्सर नसेल' एवढं म्हणून थांबू नका, 'बाहेरून कंडेन्सर लावून ठिणगी बदलते का बघा' असं सांगितलं की वाद मिटतो.

गाडी सुरळीत झाल्यावर काम संपत नाही. तोच रस्ता, साधारण तीच हवा आणि निदान दुप्पट वेळ चालवून बघा. शक्य असेल तर काढलेला पार्ट परत बसवा आणि दुखणं परत येतं का ते पाहा. आलं तर निदान सिद्ध झालं. नाही आलं तर वायर काढता-घालताना एखादं सैल टर्मिनल आवळलं गेलं असणार, आणि प्रत्येक जोड एकेक करून हलवून ते शोधावं लागेल. मग ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला त्यांना निकाल कळवा: कुठली चाचणी केली, मीटरने काय दाखवलं, कुठला पार्ट काढला, त्यावर काय छापलं होतं, आणि त्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली. ज्यांचा अंदाज चुकला त्यांनाही.